फोटोतले कपडे आधी कोणी निवडायचे?

‘फॅमिली फोटोशूट आठवड्यावर आलंय आणि मुलगी मी काढलेला ड्रेस घालायला तयार नाही. हट्टीपणा आहे की आणखी काही?’ हा प्रश्न मला बरेच पालक विचारतात. त्यातल्याच एका घराची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आईने पलंगावर कपडे मांडून त्यांचा फोटो काढून आणला होता. चौघांना एकच फिकट आकाशी रंग. चौदा वर्षांच्या मुलीला मात्र तिची ढगळ काळी हुडीच घालायची होती. आईचं म्हणणं, ‘मोठी झाल्यावर हा फोटो बघून तीच मला बोल लावेल.’ वडिलांचं म्हणणं, ‘मला काहीही चालेल.’ हे वाक्य समंजस वाटतं खरं, पण अशा घरात त्याचा अर्थ एवढाच असतो की सगळी डोकेदुखी एकटीच्या गळ्यात.

मुलीशी मी एकटीशी बोलले. हुडीच्या बाह्या तिने बोटांपर्यंत ओढल्या होत्या. एका बाहीच्या उसवलेल्या शिवणीतून अंगठा बाहेर काढून ठेवलेला. रंगाबद्दल तिची तक्रारच नव्हती. ड्रेस दंडात घट्ट होता आणि काखेत घाम दिसायचा. त्यात मागच्या एका समारंभातला तिचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला होता आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘किती भरलीस गं!’ घरात सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं.

मी तिला एक प्रसिद्ध प्रयोग सांगितला. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांच्या तरी तो लक्षात आला असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आला होता. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘पण ते लोक झूम करून बघत नव्हते ना.’

बरोबर होतं तिचं. खोलीतून माणूस निघून जातो, फोटो राहतो. तो प्रयोग मग मी आईला सांगितला. एका गडद कपड्याने अख्खा फोटो बिघडेल, या तिच्या धास्तीवर तो जास्त लागू पडला.

अशा वेळी मी एकच क्रम सुचवते: कपड्यांत सगळ्यात अवघडल्यासारखं ज्याला होतं, त्याने आधी निवडायचं, बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. आधी ‘थीम’ ठरते आणि मग एकेकाला तिच्यात कोंबलं जातं. शिवाय सगळे एकाच रंगात शेजारी बसले की फोटोत कुणाचा खांदा कुठे संपतो तेच कळत नाही. एकमेकांना शोभणाऱ्या तीन-चार छटा असल्या की पुरतं.

आईने हुडीला सपशेल नकार दिला नाही. छातीवर मोठी अक्षरं नकोत, एवढीच अट घातली. तिची ही अट रास्त होती, कारण फोटोत नजर चेहऱ्याआधी अक्षरांवर जाते. शेवटी मुलीने गडद हिरवा, सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट निवडला. वडिलांच्या शर्टावर अगदी बारीक रेघा होत्या. डिजिटल कॅमेऱ्यात अशा रेघांवर कधीकधी लहरी उमटतात, म्हणून तो बाद. धाकट्याचा भडक पोपटी टी-शर्टही नको म्हटलं. अशा रंगाची झाक हनुवटीवर आणि शेजारच्याच्या गालावर पडते. धाकट्याचे आणि स्वतःचे कपडे ठरवायचं काम मी वडिलांवर टाकलं. थोडी कुरकुर झाली, पण त्यांनी ते केलं.

मग रंगीत तालीम. कपडे घालून खिडकीच्या उजेडात नुसतं उभं राहून भागत नाही. खाली बसायचं, हात वर करायचे, एकमेकांना मिठी मारायची आणि मोबाइलवर फोटो काढायचे. बसल्यावर पोटाशी बटणं ताणतात, विजार वर सरकते. आरशासमोर उभं राहून हे कळत नाही.

आईला आकाशी ड्रेसची हळहळ शेवटपर्यंत वाटत राहिली. वाटू दे. सगळ्यांचं समाधान होईल असं मी कुणालाच सांगत नाही.

मुलगी कडक उन्हातही अंग झाकूनच वावरत असेल, जेवण टाळत असेल, आरशासमोर तासन्‌तास घालवत असेल किंवा शरीराच्या लाजेने बाहेर जाणंच सोडत असेल, तर मात्र प्रश्न फोटोचा राहत नाही. तेव्हा डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नये. या मुलीत तसं काही आढळलं नाही. तिची मागणी साधी होती: माझा फोटो मला दाखवल्याशिवाय कुठेही पाठवायचा नाही, आणि माझ्या अंगावर कुणी शेरा मारला तर घरच्यांनी गप्प बसायचं नाही. आईने लगेच कबूल केलं. वडिलांनी मोबाइल काढला आणि ग्रुपवरचा तो जुना फोटो कसा काढून टाकायचा, हे तिलाच विचारलं.