पुण्यात दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदाच सापडलो, तर अमेरिकेसारखा कोर्स करून केस रद्द होते का?

नाही, आपल्याकडे तशी सोय नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत समुपदेशन पूर्ण केलं की पहिला खटला मागे घेतला जातो. इथे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं: १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल, तर पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा तडजोडपात्र नाही. त्यामुळे चौकात पावती फाडून किंवा ई-चलान भरून सुटका होत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. कोणी 'इथेच मिटवतो' म्हणालं तर कृपा करून पैसे देऊ नका. ब्रेथ ॲनालायझरच्या छापील पावतीवरचा आकडा आणि वेळ मात्र तिथल्या तिथे तपासा, खटला बऱ्याचदा त्यावरच उभा असतो.

कोर्स आहे, पण तो शिक्षेऐवजी नाही. कलम १९ नुसार लायसन्स पहिल्या वेळी ३ महिने निलंबित होऊ शकतं आणि रिफ्रेशर ट्रेनिंग केल्यावरच परत मिळतं.

एक अपवाद: १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली न्यायाधीश पहिल्या गुन्ह्यात समज देऊन सोडू शकतात. पण तो त्यांचा अधिकार आहे, तुमचा हक्क नव्हे. अपघातात कोणी जखमी असेल तर गंभीर कलमंही लागतात, तेव्हा आधी वकील गाठा.