देव पहिला, मग रसायनशास्त्र कितवं?

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती कुटुंब आहोत आणि तिन्ही मुलांना घरीच शिकवतो. थोरली १४ वर्षांची, मधला १० आणि धाकटी ६. थोरलीने पशुवैद्य व्हावं असं आम्ही ठरवलं आहे, तिलाही प्राण्यांची आवड आहे. नव्या वर्षासाठी लूक २:५२ समोर ठेवून ज्ञान, शरीर, देवाची कृपा आणि माणसांची कृपा अशी चार सदरं केली आणि प्रत्येक मुलासाठी प्रत्येक सदरात दहा उद्दिष्टं लिहिली. बायबलची वचनं, गणित, विज्ञान, ग्रीक, संगीत, कोडिंग, पोहणं असं सगळं त्यात आहे. गेल्या वर्षीचं वेळापत्रक मात्र दुसऱ्याच महिन्यात कोलमडलं. देवाला पहिलं स्थान, हे आमचं पक्कं आहे. पण थोरलीच्या विज्ञानाला वेळ वाढवला की बायबलचा वेळ कमी होतो आणि मनाला टोचणी लागते. प्राधान्यक्रम कसा लावू?
– एक आई

उत्तर : ताई, नमस्कार.

आधी साधा हिशेब करू. चार सदरं, दहा उद्दिष्टं, तीन मुलं म्हणजे १२० उद्दिष्टं. पत्रात मुलांच्या बाबांचा उल्लेख नाही, त्यामुळे शिकवणाऱ्या तुम्ही एकट्याच असं धरून चालतो. एवढी यादी दुसऱ्या महिन्यापर्यंत टिकली, हीच कमाल.

आता टोचणीबद्दल. पहिलं स्थान आणि सर्वांत जास्त तास या दोन गोष्टी तुम्ही एकच धरल्या आहेत. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने आणि बायबलच्या एका उताऱ्याने झाली, ती वेळ कुणी मोडली नाही, की पहिलं स्थान दिलं गेलं. त्याला २० मिनिटं लागली आणि रसायनशास्त्राला दीड तास, म्हणून देव दुसऱ्या क्रमांकावर गेला असं होत नाही. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणाऱ्या योहान केपलरला ईशज्ञानाचा अभ्यासक व्हायचं होतं. वाट खगोलशास्त्राकडे वळली तेव्हा तो आधी अस्वस्थ झाला, पण १५९५ मध्ये आपल्या गुरूंना लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं की या कामातूनही देवाचाच गौरव होतो आहे. गायीच्या पोटाचे चार कप्पे शिकणाऱ्या मुलीलाही हे सांगता येईल.

तुमच्या यादीत ‘धाकटीचा विश्वास दृढ होणे’ असं एखादं उद्दिष्ट असेल, तर ते काढा. विश्वास ही तुमचीच श्रद्धा सांगते त्याप्रमाणे देणगी आहे, तिची वार्षिक तपासणी कशी करणार? त्याऐवजी तुमच्या हातात जे आहे ते लिहा: रोज सकाळी एकत्र वाचन, रात्री तिच्यासोबत प्रार्थना. झालं की नाही, हे संध्याकाळी सांगता येतं. बाकीचं सगळंही याच कसोटीवर घासून पाहा.

मग काय सोडायचं? ग्रीक, या वर्षापुरतं. मुलांनी नवा करार मूळ भाषेत वाचावा ही इच्छा सुंदर आहे, पण त्याला घाई नाही. पंडिता रमाबाईंचं शिक्षण घरीच, आईवडिलांकडे झालं. लहानपणी त्यांनी संस्कृत पाठ केलं. बायबलच्या मराठी भाषांतरासाठी लागणारी हिब्रू आणि ग्रीक मात्र त्या मोठेपणी शिकल्या. कोडिंगही थांबू शकतं. संगीत आणि पोहणं राहू द्या, पण ‘उद्दिष्ट’ म्हणून नको. मुलांना मजा येते म्हणून राहू द्या.

धाकटीसाठी वर्षाचं एकच उद्दिष्ट पुरे: ओळखीच्या शब्दांचं छोटं पुस्तक स्वतः वाचता येणं. मोजणी खेळता खेळता होईल. मधल्यासाठी दोन: अपूर्णांक पक्के आणि दर आठवड्याला स्वतःच्या मनाचं एक पान लेखन. इथे शार्लट मेसन या ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञ बाईंची जुनी पद्धत फार उपयोगी आहे. धडे छोटे ठेवायचे, उतारा एकदाच वाचायचा आणि मुलाने तो लगेच आपल्या शब्दांत सांगायचा. सकाळचा बायबलचा उतारा दोघांनी असा सांगितला की भाषेचा अर्धा तास वाचतो. धाकटी दोन वाक्यं सांगेल, मधला पानभर लिहील. दोघांना वेगळी पुस्तकं नकोत.

खरा वेळ थोरलीला द्या, कारण तिच्याच वाटेवर बाहेरच्या तारखा आहेत. पशुवैद्यकाला जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र लागतंच, भारतात भौतिकशास्त्रही लागतं, काही ठिकाणी गणितही. म्हणून प्रवेशाच्या वर्षापासून उलटं मोजत या. जिथे शिकायचं त्या संस्था घरी शिकलेल्या विद्यार्थ्यांकडून कोणती परीक्षा मागतात, हे त्यांच्याच प्रवेश विभागाला लेखी विचारा. पुस्तकं त्यानंतर घ्या. अनेक कुटुंबं आधी ख्रिस्ती अभ्यासक्रमाचा संच विकत घेतात आणि त्याला मान्यता आहे का हे मुलगी १७ वर्षांची झाल्यावर विचारतात. खाजगी उमेदवार म्हणून परीक्षा द्यायची असेल तर प्रात्यक्षिकाचं आधी पाहा. उदाहरणार्थ, केंब्रिजच्या आयजीसीएसई या साधारण दहावीच्या पातळीच्या परीक्षेत, विज्ञानात प्रयोगशाळेतल्या प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पेपरचा पर्याय असतो, पण पुढच्या, बारावीच्या पातळीच्या ए लेव्हलला प्रत्यक्ष प्रयोगशाळा लागतेच आणि ती देणारं केंद्र शोधायला वेळ जातो.

एक नाजूक गोष्ट आताच बोलून घेतो. परीक्षेच्या अभ्यासक्रमात उत्क्रांती असेल. तुमच्याकडचं पुस्तक ते प्रकरण वगळत असेल किंवा दोन परिच्छेदांत खोडून काढत असेल, तर मुलीचं नुकसान होईल. ते पूर्ण शिकवा, त्यावरचे प्रश्न सोडवून घ्या आणि तुमच्या घरात सृष्टीविषयी काय मानतात यावर जेवताना मोकळेपणाने बोला. जे वाचलंच नाही त्यावर तिला मतही बनवता येणार नाही.

नोंदींचं कामही याच वर्षी सुरू करा. बाबांना जमत असेल तर हे त्यांच्याकडे द्या. विषय, वापरलेली पुस्तकं, तास, चाचण्यांचे गुण, तारखा. दर आठवड्याला पंधरा मिनिटांचं काम आहे, चार वर्षांनी आठवून लिहायला बसलं तर महिना जातो. शिवाय किमान एक विषय घराबाहेरच्या कुणाकडे लावा. प्रवेशाच्या वेळी शिक्षकाचं शिफारसपत्र मागितलं तर आईचं पत्र सहसा चालत नाही. पाळकसाहेब तिच्या स्वभावाबद्दल छान लिहितील, रसायनशास्त्राबद्दल काय लिहिणार? एखाद्या पशुवैद्याच्या दवाखान्यात महिन्यातून दोनदा मदतीला जाता आलं, तर आणखी चांगलं. जखमा, रक्त, वास हे सगळं पाहून आवड टिकते का, तेही कळेल.

वर्षाची आखणी सहा आठवडे अभ्यास आणि सातवा रिकामा अशी करून पाहा. सहा फेऱ्यांत ३६ आठवडे अभ्यास होतो, सहा रिकामे मिळतात आणि वर्षातले दहा तरीही शिल्लक राहतात. रिकाम्या आठवड्यात राहिलेलं भरून काढायचं, आजारपणं पोटात घालायची, नाहीतर चक्क झोपायचं. गेल्या वर्षीच्या वेळापत्रकात अशी एकही जागा नसणार.

आणि दर आठवड्याला प्रत्येक मुलासाठी एक स्वतंत्र तास ठेवा, ज्यात अभ्यास नाही. इंग्लंडमधल्या एका पाळकाच्या पत्नी सुझाना वेस्लींनी १९ मुलांना जन्म दिला, त्यातली बरीच लहानपणीच गेली. जी राहिली त्यांना त्या घरीच रोज सहा तास शिकवत. तरी त्यांनी प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ राखली होती, जॉनची गुरुवारी. पुढे तो मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचा प्रणेता झाला. ते त्या संध्याकाळींमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण प्रौढपणीही त्याला तो गुरुवार आठवत होता.

थोरलीचा पहिला तास या आठवड्यातच घ्या. ‘आम्ही ठरवलं आहे’ असं तुम्ही लिहिलंय, तिला काय हवंय ते एका ओळीत आटोपलंय. तिची १४ उद्दिष्टं असोत की एकच, ती तिला तिच्या हाताने लिहू द्या. तुमची यादी तिला आधी दाखवू नका. मग दोन्ही कागद मला पाठवा, विषय कोणते घ्यायचे ते त्यावरून ठरवू.