इथून मी सांगते

प्रश्न : ताई, आम्ही सांगलीत गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात माझी लेक झाली. दर वाढदिवसाला सासूबाई तिच्या जन्माची गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगतात. सगळे हसतात. मी चहा टाकायला आत जाते. माझ्या मेल्या दुखण्याची त्यांना गंमत वाटते. त्यांना गप्प कसं करू? नवरा म्हणतो, सोडून दे. (पत्र आवरून छापलंय.)

उत्तर : अगं, चार पानांतली साडेतीन सासूबाईंना दिलीस आणि चहाला एक ओळ. मी त्या चहापाशीच अडकले. सहा वाढदिवस झाले, सहाही वेळा गोष्ट सुरू झाली की तू ओट्यापाशी. मग सांगणार कोण? सासूबाईंनी तुझं काही चोरलेलं नाही. तू उठून गेलीस, त्या बसल्या.

त्यांच्या गोष्टीत होडी आहे, पाण्यात वाहून गेलेली त्यांची चप्पल आहे, आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलेली कृष्णा आहे. (फूट सांगितल्याशिवाय सांगलीकराची पुराची गोष्ट पुढे सरकतच नाही.) तू त्यात 'ही आपली नुसती रडतीय' एवढीच. आणि शेवटच्या पानाच्या समासात तू आडवं काय लिहिलंयस? बाळ मिरजेला अकरा दिवस काचेत होतं. तू दवाखान्याच्या जिन्यावर बसून वाटीत दूध काढायचीस. नर्सने पहिल्यांदा हात आत घालू दिला, तेव्हा पोरीने तुझी करंगळी धरली आणि सोडेना. घरात हे कुणाला ठाऊक आहे? नवऱ्याला निम्मं. लेकीला तर होडी आणि चप्पलच माहीत.

आपल्याकडे हे सांगायला बाळंतिणीला सव्वा महिना मिळायचा. पहिलं बाळंतपण माहेरी. तेल लावणाऱ्या मावशी पाठ रगडताना विचारायच्या, "कळा कधी सुरू झाल्या गं?" शेजारीण अळीवाचे लाडू घेऊन यायची, तिला पुन्हा पहिल्यापासून. साताऱ्यात माझ्या पहिल्या वेळी मी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली, की दहाव्या दिवशी रडू यायच्या जागी मला चक्क हसू फुटलं. तुझं हे सगळं पाण्यात गेलं. रस्ते बंद, माहेर पलीकडे, पाचवीला बाळ काचेत, सटवाईपुढे कोरा कागद ठेवायलाही कुणी नाही. तुला कुणी विचारलंच नाही, या विचाराने माझ्या पोटात तुटतं. पण सासूबाईंचं तोंड बंद करून ते भरून निघायचं नाही.

येत्या ऑगस्टात आत जाऊ नकोस. लेकीला जवळ घेऊन तिथेच बस. सासूबाई होडीपर्यंत आल्या की म्हण, "थांबा आई, इथून मी सांगते." जिन्यापासून सुरुवात कर. आवाज कापेल, कापू दे. पाहुणे अवघडतील, अवघडू देत. सासूबाई मध्ये बोलतीलच. चप्पल त्यांची आहे, तेवढी त्यांना सांगू दे.

आणि 'सोडून दे' म्हणणाऱ्याला चहाला लाव. आलं कुठे असतं ते आदल्या दिवशी दाखवून ठेव.