मंडळाच्या ग्रुपवर पिच डेक टाकलाय, आता पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसजवळ ४८ युनिट्सचं अपार्टमेंट घेताय, ओळखीच्यांकडून प्रत्येकी ५० हजार डॉलर घ्यायचेत, आणि ‘गॅरंटीड १५ टक्के’ लिहिलेला पिच डेक (गुंतवणूकदारांना दाखवायचं सादरीकरण) मंडळाच्या ४०० जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून झालाय.

सगळ्यात आधी, कुणाचेही पैसे अजून घेऊ नका. लोक फक्त पैसे देणार, बिल्डिंग तुम्ही चालवणार, नफा वाटून घेणार, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या १९४६ च्या हॉवी केसपासून अमेरिकेत ही सिक्युरिटीच (शेअरसारखी, कायद्याच्या नियमांत येणारी गुंतवणूक) धरतात, लोकांना एलएलसीचे, म्हणजे बिल्डिंगसाठी काढलेल्या कंपनीचे, मेंबर म्हटलं तरी सहसा सुटका नाही. सिक्युरिटी विकायची तर सरकारदरबारी नोंदणी लागते, ती टाळायला बहुतेक जण रूल ५०६(बी) ची सूट घेतात, त्यात ३५ पर्यंत नॉन-ॲक्रेडिटेड (उत्पन्न-संपत्तीच्या ठरलेल्या अटींत न बसणारे) लोक चालतात पण जाहिरात चालत नाही, आणि ज्या ग्रुपमधल्या कितीतरी जणांशी तुमचं कधी बोलणंही नसेल तिथे डेक टाकणं ही जाहिरात ठरू शकते. म्हणून तुमच्यासाठी ५०६(सी) ही दुसरी सूट बरी. जाहिरात चालते, पण प्रत्येक जण ॲक्रेडिटेड हवा: गेली दोन वर्षं उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर, जोडीदार धरून ३ लाख, यंदाही तेवढंच अपेक्षित, किंवा राहतं घर सोडून नेटवर्थ १० लाख डॉलरच्या वर. नुसतं तोंडी विचारून भागत नाही, टॅक्स रिटर्न किंवा सीपीएचं (अमेरिकेतल्या सीएचं) पत्र बघावं लागतं. काही जवळचे मित्र यात बाहेर राहतील, तरीही हेच करा.

आता डेक. ‘गॅरंटीड’ आजच काढा, पण जुन्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा, पुरावा पुसायचा नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे लोन फ्लोटिंग रेटचं (बाजाराप्रमाणे व्याज बदलणारं) आहे हे डेकमध्ये कुठेच नाही! २०२२-२३ मध्ये व्याजदर चढले तेव्हा अशाच लोनपायी कितीतरी सिंडिकेशन्सचा (असे अनेकांचे पैसे जमवून केलेल्या खरेदीचा) कॅश फ्लो आटला. रेट कॅप (व्याज ठरावीक मर्यादेवर जाऊ न देणारा करार) कधी संपतो, विकणाऱ्याच्या जुन्या प्रॉपर्टी टॅक्सवर हिशोब केलाय का, तुमची फी किती, लोकांना पुन्हा पैसे घालावे लागतील का, सगळं स्पष्ट लिहा. महत्त्वाची गोष्ट लपवली तर फसवणुकीचा नियम लागतो, सूट असली तरी.

गुंतवणूकदार आणणाऱ्या मित्राला २ टक्के देणार म्हणता, ते नको, त्याला ब्रोकर-डीलर (सिक्युरिटी विकणाऱ्या दलालाचं) लायसन्स लागेल. पहिली विक्री झाली की १५ दिवसांत फॉर्म डी (सूट घेतल्याची सरकारला सूचना) भरा, शिवाय गुंतवणूकदार ज्या ज्या राज्यातले तिथलं नोटीस फायलिंग.

पुण्याच्या काकांचे पैसे मात्र सध्या बाजूला ठेवा, एलआरएसची (भारतातून परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची) वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहेच, पण भारताचे २०२२ चे ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमही लागू शकतात, तेव्हा तिथल्या सीएकडून लेखी मत आल्याशिवाय त्यांना बँक डिटेल्स पाठवू नका.