वाचक विचारतात : होस्ट सर्व्हरची फायरवॉल स्क्रिप्टवर सोपवताना

प्रश्न : डिचोली औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी आयटी सांभाळतो. आमच्याकडे सहा होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारे सर्व्हर, आहेत. चार प्रॉक्समॉक्स या प्रणालीचे, एकाच क्लस्टरमध्ये एकत्र जोडलेले, आणि दोन जुने, ईएसएक्सआय या दुसऱ्या प्रणालीचे. फायरवॉल प्रत्येकावर हातानं लावलेली आहे. कुठे काय उघडं आहे हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. गेल्या चवथीआधी बाहेरच्या तंत्रज्ञासाठी एका होस्टचं एसएसएच (दुरून शिरून कमांड चालवायची वाट) सगळ्यांना खुलं केलं होतं, ते तसंच राहिल्याचं दिवाळीत कळलं. आता हे अँसिबलनं, म्हणजे एका स्क्रिप्टनं सगळ्या सर्व्हरवर बदल लावणाऱ्या साधनानं, करायचं आहे, पण एका चुकीच्या ओळीनं सगळेच होस्ट हातचे जातील अशी धास्ती वाटते. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : धास्ती वाटते हे चांगलंच आहे, कारण ती खरी आहे. माझी रात्र सांगते. जुलै महिना, मी फोंड्याला घरी, सर्व्हर वेर्ण्याला, तीन होस्टचा प्रॉक्समॉक्स क्लस्टर. व्हीपीएनवरून ब्राउझर उघडला आणि डेटासेंटर पातळीवर, म्हणजे सगळ्या क्लस्टरसाठी एकदम, फायरवॉल चालू केली. पान फिरत राहिलं ते राहिलंच. प्रॉक्समॉक्सची फायरवॉल चालू झाली की आत येणारं सगळं बंद होतं. ८००६ पोर्टवरचं वेब पान आणि २२ वरचं एसएसएच तेवढं उघडं राहतं, तेही होस्टच्या स्वतःच्या नेटवर्कमधून. माझा व्हीपीएनचा पत्ता त्या नेटवर्कबाहेरचा होता. तीनही होस्टची दारं मला एकदम बंद. आतल्या व्हर्च्युअल मशीन सुरळीत चालू होत्या, मला मात्र कुठूनच शिरता येईना. भर पावसात बोरीचा पूल ओलांडून, लोटलीवरून वेर्णा गाठलं. रखवालदारानं दार उघडलं, मॉनिटर-कीबोर्ड जोडला आणि ‘पीव्हीई-फायरवॉल स्टॉप’ एवढं टाइप केलं. दोन सेकंदांचं काम, त्यासाठी अर्धी रात्र गेली.

त्यानंतर मी एक गोष्ट कधी सोडली नाही. नियम लावणारी स्क्रिप्ट लिहिण्याआधी नियम मागे घेणारी लिहायची. अँसिबल तुमचं शहाणपण जितक्या वेगानं पसरवतं तितक्याच वेगानं चूकही पसरवतं.

ते असं करा. अँसिबलच्या पहिल्याच पायरीत चारही होस्टवर लिनक्सच्या ‘सिस्टमडी-रन’ कमांडनं पाच मिनिटांचा टायमर लावा. वेळ संपली की त्यानं ‘पीव्हीई-फायरवॉल स्टॉप’ चालवायचं. मग नवे नियम लिहा, होस्टवर पुन्हा शिरून बघा, आणि शिरता आलं तरच टायमर रद्द करा. इथे एक खाच आहे, तिच्यात बरेच जण अडकतात. आधीपासून जोडलेलं एसएसएच नव्या नियमांनंतरही चालू राहतं, कारण फायरवॉल जुनी जोडणी तोडत नाही. अँसिबल तीच जुनी जोडणी पुन्हा वापरतं आणि सगळं ठीक आहे असं सांगतं. म्हणून तपासण्याआधी ‘रीसेट कनेक्शन’ची पायरी घालाच.

टायमरनं जुनी फाइल परत ठेवावी असं तुमच्या मनात येईल. माझ्याही आलं होतं. पण प्रॉक्समॉक्सचे नियम ‘क्लस्टर डॉट एफडब्ल्यू’ या फाइलमध्ये असतात, आणि ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो क्लस्टरचं कोरम, म्हणजे एकमेकांशी बोलू शकणाऱ्या होस्टांचं बहुमत, गेलं की फक्त वाचण्यापुरता उरतो. तुमच्या चार होस्टना कोरमसाठी तीन मतं लागतात. होस्टांमधली आपसातली बोलणीच नियमांनी तोडली, तर ऐन वेळी जुनी फाइल परत ठेवताच येणार नाही. ‘स्टॉप’ मात्र ज्याच्या त्याच्या होस्टवर चालतं, त्याला कुणाचं मत लागत नाही. त्यानंतर होस्ट उघडा असतो आणि फाइलमधली चूकही तशीच असते, तेव्हा ती लगेच दुरुस्त करायची. नाहीतर होस्ट रीबूट झाला की पुन्हा कुलूप.

‘एका वेळी एकच होस्ट’ असं अँसिबलला सांगून इथे भागत नाही, कारण ती फाइल चौघांची सामायिक आहे. एका ठिकाणी लिहिली की काही सेकंदांत चारही होस्ट ती लागू करतात. त्यावर तोड आहे. प्रत्येक होस्टची स्वतःची ‘होस्ट डॉट एफडब्ल्यू’ असते. चौघांच्या या फायलींत आधी ‘इनेबल’ शून्य करा, मग डेटासेंटर पातळीवर फायरवॉल चालू करा, आणि एकेका होस्टचं ‘इनेबल’ दिवसाआड शून्याचं एक करत जा.

नियमांची यादी आठवणीवर विसंबून करू नका. प्रत्येक होस्टवर ‘एसएस’ कमांडनं कोणती सेवा कोणत्या पोर्टवर ऐकते आहे ते काढा आणि प्रत्येक ओळीसमोर कोण, कशासाठी, कुठून हे लिहा. ८००६, २२, क्लस्टरच्या बोलण्याचे यूडीपी ५४०५ ते ५४१२, मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवायचे ६०००० ते ६००५० हे सगळ्यांना आठवतात. विसरला जातो तो यूपीएस. यूपीएसची केबल एका होस्टला असते आणि बाकीचे होस्ट ३४९३ पोर्टवरून त्याला ‘वीज आहे का’ विचारत राहतात. मी एका ठिकाणी हे पोर्ट विसरले. पुढच्याच पावसात वीज गेली, बॅटरी उतरली, केबलवाला होस्ट नीट बंद झाला आणि बाकीचे दोन धाडकन गेले. एका डेटाबेसची दुरुस्ती करण्यात दोन दिवस मोडले. आपल्याकडे जून ते सप्टेंबर विजेचा भरवसा किती हे तुम्हाला सांगायला नको.

व्हीपीएनचं नेटवर्क ‘मॅनेजमेंट’ नावाच्या आयपी-सेटमध्ये, म्हणजे परवानगीच्या पत्त्यांच्या यादीत, पहिल्या दिवशीच घाला. फायरवॉल चालू करण्याआधी ‘पीव्हीई-फायरवॉल कंपाइल’ चालवून प्रत्यक्षात काय तयार होतंय ते डोळ्यांखालून घाला.

चवथीच्या त्या उघड्या एसएसएचबद्दल. असं तात्पुरतं काम अडवू नका, लोक मग लपूनछपून करतात. नियम गिटमध्येच, म्हणजे स्क्रिप्टच्या प्रत्येक बदलाची नोंद राहते तिथेच, लिहायचा, पण त्याला संपण्याची तारीख द्यायची, आणि तारीख उलटलेला नियम स्क्रिप्टनं गाळायचा. शिवाय रोज रात्री अँसिबल ‘चेक’ आणि ‘डिफ’ लावून नुसतं बघण्यापुरतं चालवा आणि फरक दिसला तर ईमेल येऊ द्या. कुणी हातानं काही उघडलं तर दिवाळीची वाट बघावी लागणार नाही, सकाळच्या चहाआधी कळेल.

ईएसएक्सआयचं गणित वेगळं. तिथे एसएसएचच्या नियमसंचात आधी ‘सगळ्यांना परवानगी’ बंद करावी लागते, मगच परवानगीचे पत्ते घालता येतात. मधल्या क्षणी यादी रिकामी असते, म्हणजे कुणालाच शिरता येत नाही. म्हणून दोन्ही कमांड एकाच स्क्रिप्टमध्ये, होस्टवरच चालवा. तिथल्या फायरवॉलच्या फोल्डरात स्वतःची एक्सएमएल फाइल ठेवलीत तर ती रीबूटनंतर उरत नाही, ती व्हिब या ईएसएक्सआयच्या इन्स्टॉल पॅकेजमधूनच बसवावी लागते. आणि ४२७ पोर्ट, म्हणजे एसएलपी ही नेटवर्कवरच्या सेवा शोधायची सेवा, लागत नसेल तर सेवेसकट बंद करा. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स या खंडणीखोर व्हायरसनं जगभरातले हजारो होस्ट गिळले. तेव्हा याच एसएलपी सेवेमागच्या ओपनएसएलपीच्या ज्या त्रुटीकडे बोट दाखवलं गेलं, तिचा पॅच फेब्रुवारी २०२१ मध्येच आला होता. तुमचे दोन्ही होस्ट जुने आहेत असं तुम्हीच लिहिलंय. त्यांची आवृत्ती या आठवड्यातच तपासा, अँसिबल नंतर.

पहिला होस्ट मंगळवारी-बुधवारी सकाळी घ्या, कारखान्यातच बसून, मॉनिटर-कीबोर्ड जोडून ठेवून.