गोऱ्ह्याचा मृत्यू मनातून जात नाही. मी पशुवैद्यक होऊ का?

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत शिकते. आमच्याकडे चार संकरित गायी आहेत. २०२२ साली लंपीच्या साथीत आमची एक गाय गेली. तिच्या जखमा मी रोज धूत असे, पण काहीच करू शकले नाही. गेल्या पावसाळ्यात दुसरीला गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, झाला. त्याला दूध पाजून उपयोग काय, असे म्हणून चीकही (व्यायल्यानंतरचे पहिले घट्ट दूध) पुरेसा पाजला नाही आणि अकराव्या दिवशी तो हगवणीने गेला. मी तेव्हा काहीच बोलले नाही. आता आमची तांबडी गाय दोन महिन्यांत विणार आहे. मला पशुवैद्यक व्हायचे आहे. त्यासाठी प्रवेश कसा मिळतो? वडील म्हणतात, ते मुलींचे काम नाही. ज्या घरात हे घडले त्या घरातल्या मुलीने ही इच्छा धरावी का, असेही मनात येते.

उत्तर : प्रिय विद्यार्थिनीस सप्रेम आशीर्वाद.

तू प्रवेशाविषयी विचारले आहेस, पण तुझा खरा प्रश्न त्या गोऱ्ह्याचा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. गायीच्या पोटात असताना वासराला आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत; ती जन्मानंतर चिकातूनच मिळतात. वासराचे आतडे ती जशीच्या तशी शोषून घेऊ शकते ते साधारण पहिल्या चोवीस तासांपुरतेच, आणि ही क्षमताही तासागणिक घटत जाते. म्हणून जन्मल्यानंतर पहिल्या तास-दोन तासांत दोन-अडीच लिटर चीक पोटात जाणे हा वासराच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. आता हेही लक्षात घे की चीक दूध संकलन केंद्रावर घेत नाहीत. त्याचा घरी खरवस होतो किंवा तो शेजारीपाजारी वाटला जातो. म्हणजे त्या पहिल्या दिवशी तुझ्या वडिलांचे पैशांचे नुकसान होणार नव्हते. त्यांना ही गोष्ट कोणी सांगितलेली नव्हती, आणि ती सांगणे हे पशुवैद्यकाच्या रोजच्या कामांपैकी एक आहे.

त्यानंतरच्या दहा दिवसांचा हिशेब मात्र इतका सोपा नाही. वासराला रोज त्याच्या वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे तीन लिटरच्या आसपास दूध लागते आणि ते दोन-तीन महिने लागते. पूर्वी गोऱ्ह्याचा बैल होत असे. आज नांगरट ट्रॅक्टरने होते, आणि संकरित बैलाला वशिंड जेमतेम असल्यामुळे तो जुवाला खिलार जातीच्या बैलासारखा चालत नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी असल्याने त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. कायदा आणि दुधाचा दर यांच्यामध्ये सापडलेला शेतकरी गोऱ्ह्याला मारत नाही, त्याला उपाशी ठेवतो. हे क्रौर्य आहे, आणि प्राण्यांना पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. तरीही केवळ बोट दाखवून त्या गोठ्यातील पुढचा गोऱ्हा वाचत नाही. कालवडीच जन्माव्यात यासाठी वेगळ्या केलेल्या वीर्यमात्रा आता मिळतात. त्या कोणत्या गायीला आणि कधी वापरायच्या, हे नीट समजावून देणारा पशुवैद्यक गावात असेल तर अशा उपासमारी मुळातच कमी होतात. तू गप्प राहिलीस याचे तुला वाईट वाटते, वाटू दे. पण ते या क्षेत्रापासून दूर राहण्याचे कारण ठरत नाही.

या व्यवसायातील मुख्य अडचण मी तुला स्पष्ट सांगते. येथे रुग्ण बोलत नाही आणि निर्णय घेणारा, पैसे देणारा माणूस वेगळाच असतो. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना माहिती देता यावी म्हणून मी एका पशुवैद्यकांबरोबर दिवसभर गोठे फिरले होते. एका ठिकाणी धार काढताना लाथ मारते म्हणून गायीचे मागचे पाय दोरीने आवळले होते आणि तिच्या मांडीवर काठीचे वळ होते. मालकाची मागणी एवढीच होती, की पान्ह्याचे इंजेक्शन द्या, दूध कमी झाले आहे. डॉक्टरांनी आधी दोरी सोडायला लावली, गायीच्या पाठीवर हात ठेवून दोन-तीन मिनिटे नुसते उभे राहिले, मग एकेक सड हळूच चाचपला. एका सडाला चीर होती. त्या सडाच्या पहिल्या धारा त्यांनी काळ्या कापडावर घेतल्या, तर दुधात बारीक गुठळ्या दिसल्या. काससुजीची सुरुवात होती आणि गाय वेदनेने लाथ मारत होती. मालकाला त्यांनी सांगितले, की गाय घाबरली की पान्हा अडतो. भीतीने रक्तात जे द्रव्य उतरते ते पान्हा सोडणाऱ्या द्रव्याचे काम थांबवते. म्हणून काठीने दूध वाढत नाही, घटते. जाताना त्यांनी असेही बजावले, की औषध चालू असताना आणि त्यानंतर सांगितलेल्या मुदतीपर्यंत हे दूध डेअरीला घालायचे नाही. मालक नाराज झाला, पण त्याने ऐकले. प्राण्यांविषयीची माया तुझ्याकडे आहे. अशा नाराज माणसासमोर शांतपणे आणि ठामपणे बोलणे तुला शिकावे लागेल.

तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग आणि पुढील मजकूर वाचून दाखव. दादा, अडलेली गाय सोडवणे हे अंगातील जोरापेक्षा कौशल्याचे काम आहे. वासराचे डोके किंवा पाय मुरडला असेल तर तो आधी आत ढकलून सरळ करावा लागतो. चार गड्यांनी नुसते ओढले तर गाय आणि वासरू दोघेही जाण्याचा धोका असतो. पशुवैद्यकीय महाविद्यालयांत आज मुली मोठ्या संख्येने शिकतात आणि तालुक्याच्या दवाखान्यांत महिला अधिकारी काम करतात. रात्री-अपरात्री जाण्याची तुमची काळजी रास्त आहे, ती मी खोटी ठरवत नाही. मात्र ती सोबतीच्या आणि वाहनाच्या व्यवस्थेची काळजी आहे, मुलीच्या कुवतीची नाही.

आता प्रवेशाविषयी. पशुवैद्यक पदवीचा अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा असून प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. महाराष्ट्रात ही महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत: मुंबईत परळ येथील १८८६ सालचे जुने महाविद्यालय, तसेच नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि इतर काही. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, उरलेल्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. नीट दिली म्हणजे अर्ज झाला असे समजू नकोस. विद्यापीठाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि दरवर्षी कोणी ना कोणी नेमके येथेच चुकते. पदवीनंतर राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. पुढे लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी, दूध संघ, वीर्य प्रयोगशाळा, लसनिर्मिती, संशोधन, स्वतःचा दवाखाना असे बरेच मार्ग आहेत. गुण कमी पडले तर पशुसंवर्धनातील पदविकेचाही विचार करता येईल. मात्र पदविकाधारकास १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली मर्यादित सेवाच देता येतात. गावात त्यालाही लोक डॉक्टर म्हणतात, पण दोहोंतला फरक तू विसरू नयेस.

लंपीत गेलेल्या गायीविषयीही थोडे लिहिते, कारण त्या वेळी आपण काहीच करू शकलो नाही असे तू लिहितेस. घरातील वृद्धांना बुळकांडीविषयी विचार. त्या रोगाने गोठेच्या गोठे रिकामे होत असत. त्याच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात एक प्रयोगशाळा निघाली, आणि तीच पुढे इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. लसीकरणाने तो रोग मागे हटत गेला आणि २०११ साली जगातून संपल्याचे जाहीर झाले. देवीनंतर असा समूळ गेलेला हा दुसराच रोग आहे. या कामातला फार मोठा वाटा गावोगाव फिरून, गुरे धरून लस टोचणाऱ्यांचा होता.

परीक्षा संपल्यावर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घे आणि किमान पंधरा दिवस सकाळी तेथे उभी राहा. शेण, रक्त, पू, आणि न वाचणारे जनावरही पाहा. त्यानंतरही जावेसे वाटले तर निःशंक अर्ज भर.

तुमची तांबडी गाय दोन महिन्यांत विणार आहे असे तू लिहिले आहेस. तिला आताच आटवायला, म्हणजे तिची धार काढणे थांबवायला, सांग, म्हणजे काशेला विश्रांती मिळून चीक चांगला येईल. पाणी दिवसातून दोनदा न दाखवता तिच्यासमोर सतत भरलेले ठेव. वासरू जन्मले की नाक-तोंड पुसून नाळेला टिंक्चर आयोडीन लाव. नर असो वा मादी, चीक किती वाजता पाजला, किती पाजला आणि दर आठवड्याला त्याच्या छातीचा घेर किती भरला, हे वहीत लिहून ठेव. अकराव्या दिवशीची नोंद मला पत्राने कळव.