तानपुऱ्यामागची जागा

चि. विद्यार्थ्यास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. क्लासची फी झेपत नाही आणि कुठे गायला मिळत नाही, या दोन तक्रारी तू एकाच दमात मांडल्या आहेस. आधी पैशांचं उरकून घेऊ, कारण तिथे सांगण्यासारखं फार नाही.

सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची प्रतिभाशोध शिष्यवृत्ती 10 ते 14 वयाच्या मुलांसाठी असते. संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती 18 ते 25 वयोगटाला मिळते, महिना 5,000 रुपये, दोन वर्षं. तू 16 वर्षांचा, म्हणजे नेमका मधल्या फटीत सापडलास. मुलग्यांचा आवाज फुटून बसायला लागतो तोही याच सुमारास. आधाराची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच हात रिकामे, हे योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. असो. दुसऱ्या शिष्यवृत्तीला किमान पाच वर्षांची तालीम दाखवावी लागते, म्हणून कोणाकडे कधीपासून शिकतोयस याची कागदपत्रं आत्तापासून एका फाइलीत ठेव. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत राहा, पण त्यांच्यावर विसंबू नकोस. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून आजकाल प्रवेशिका-मध्यमा या सुरुवातीच्या परीक्षांना रांगा लागतात. विशारद ही वरची परीक्षा झालेल्या मुलाला अर्धा तास यमनसारखा सुरुवातीला शिकवला जाणारा राग गाता येत नाही, हेही मी बघत आलोय.

फीबद्दल मात्र गुरूंशी सरळ बोल. न सांगता क्लास बुडवणारे विद्यार्थी शिक्षकाला जास्त छळतात. अडचण सांगणारा कोणालाच जड होत नाही. फक्त 'फी माफ करा' म्हणून थांबू नकोस. 'लहान मुलांच्या तुकडीचे अलंकार, म्हणजे सरगमचे पलटे, मी घोटून घेतो' असं म्हण. यात लाजण्यासारखं काही नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा संगीत शिक्षक घडवणाऱ्या उपदेशक वर्गातल्या मुलांशी असाच करार होता: इथे शिका आणि पुढे शिकवा. त्याच पलुस्करांची मुंबईतली वास्तू पुढे कर्जापायी लिलावात निघाली, हेही माहीत असू दे. विद्या फुकट देणाऱ्यालाही भाडं भरावं लागतंच. आणि मुलांकडून सा-रे-ग, रे-ग-म घोटून घेताना तुझा स्वतःचा गंधार किती डळमळतो ते तुला आपोआप ऐकू येईल.

आता मुद्द्याचं. तुझ्यासारख्याला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची तालीम मिळते ती गाणाऱ्याच्या मागे तानपुरा धरून बसल्यावर. पण कोणी तिथे बसवावं, तर आधी तानपुरा लावता आला पाहिजे. मोबाईलवरच्या तानपुऱ्याने तुमच्या पिढीची मोठी सोय केली, पण लावण्याचं काम कानाकडून काढून घेतलं. क्लासमधला तानपुरा रोज अर्धा तास आधी जाऊन लाव. तारांचा क्रम असा: पंचम, जोडीचे दोन सा, मग खर्ज म्हणजे खालचा सा. खुंटीने जवळपास आण, मग तारेतला मणी सरकवून नेमका सूर पकड, घोडीवर तारेखाली असणारा जवारीचा दोरा केसभर इकडेतिकडे करून झणकार उघड. मारव्याला पंचम चालत नाही, तिथे निषाद लाव, मालकंसाला मध्यम. पहिले काही आठवडे वैताग येईल. आवाज अजून पुरता बसला नसेल, तर या दिवसांत गळ्याला ताण देण्यापेक्षा हे काम कितीतरी बरं.

मागे बसल्यावर जे दिसतं ते समोरच्या खुर्चीतून दिसत नाही. मुखड्याच्या, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या ओळीच्या आधी गुरू श्वास कुठे घेतात, विलंबित एकतालात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायला उशीर होतोय असं वाटलं की तबलजीकडे कसं बघतात, श्रोते चुळबुळायला लागले की ठरवलेली बढत (रागाचा हळूहळू विस्तार) मध्येच कशी आवरतात. मग कधीतरी ते आलाप सोडतील आणि मान किंचित मागे वळवतील. तेव्हा त्यांनी नुकत्याच घेतलेल्या जागेच्या, म्हणजे स्वरांच्या तुकड्याच्या आसपासच काहीतरी छोटं म्हणायचं आणि लगेच गप्प व्हायचं. आपली हुशारी दाखवायची जागा ती नव्हे. ते दोन-चार स्वर हाच तुझा पहिला कार्यक्रम, आणि सभागृहात जाणकार बसलेले असतात ते अशी पोरं हेरून ठेवतात. पुढची बोलावणी बहुतेक तिथूनच येतात.

गुरू लांब राहत असतील तर बंदिशी ऑनलाइन घे, काही बिघडत नाही. पण आवाज मागेपुढे पोचत असल्यामुळे दोघांना एकत्र गाता येत नाही, तालात तर नाहीच. म्हणून अधूनमधून समोर बसण्याला पर्याय नाही. आणि तालासाठी तबला शिकणारा एखादा मुलगा गाठ. त्याला ठेका धरून साथ करायची सवय हवी असते, तुला ठेक्यावर गायची. दोघांचाही खर्च शून्य. तबल्याचं ॲप तुझ्या चुकीबरोबर कधी फरफटत जात नाही. माणूस जातो, आणि त्यातूनच सावरायला शिकतोस.

मंचाचं बोलायचं तर एक गोष्ट कायमची पक्की कर: गायला मिळावं म्हणून पैसे मोजायचे नाहीत. 'प्रवेश शुल्क भरा, दहा मिनिटं गा, प्रमाणपत्र आणि ट्रॉफी घेऊन जा' अशा जाहिराती तुझ्या फोनवर रोज येत असतील. तिथे ऐकायला बसलेले सगळे म्हणजे नंबर लागायची वाट पाहणारे स्पर्धक आणि त्यांचे आईबाप. त्यापेक्षा क्लासची गुरुपौर्णिमा, संगीत मंडळांच्या नवोदितांच्या मासिक सभा, पुढे कॉलेजचा युवक महोत्सव. आकाशवाणीची संगीत स्पर्धा जाहीर झाली तर 16 ते 24 हा वयोगट तुझाच आहे. किरण सेठ यांनी 1977 साली सुरू केलेल्या स्पिक मॅके या तरुणांपर्यंत शास्त्रीय कला पोचवणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव दे. सतरंज्या घालशील, पाहुण्या कलाकाराला स्टेशनवरून आणशील, आणि फुकटात मोठमोठी गाणी दोन हातांवरून ऐकशील.

पंधरा मिनिटं मिळाली तर विलंबित ख्याल कोंबू नकोस. मध्यलय तीनतालातली एकच बंदिश, तीही वर्षभर गळ्यात फिरलेल्या रागातली. भूप चालेल. नवा राग दाखवायचा मोह होतो, टाळ. वेळेच्या एक मिनिट आधी थांबलास तर संयोजक पुन्हा बोलावतात. लांबवलंस तर गाणं कितीही चांगलं होवो, नाव कटतं.

आधी काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, गायचास असं लिहिलं आहेस. आता आवाज कुठे उतरतोय ते बघ. बहुधा काळी एकच्या आसपास बसेल, पण घाईने पट्टी ठरवू नकोस. मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम सहज लागतो का आणि तार (वरच्या सप्तकातला) गंधार न ओरडता येतो का, हे दोन्ही तपास. पट्टी ठरली की कळव. भूपातल्या दोन बंदिशी आणि त्यांचं नोटेशन पाठवतो, त्यातली गळ्याला मानवेल ती घे.

तुझा,
एक जुना गाणारा